मधला ठिपका काळा का?

पाचशेची नोट समोर सरळ धरली की उजवीकडे खाली छापलेला पाचशेचा आकडा हिरवा दिसतो. तीच नोट थोडी कलती करा, आकडा निळा होतो. नोटेतला चमकता धागाही असाच रंग पालटतो. नाशिक रोडच्या माणसाला नोटेचं फारसं अप्रूप नसतं. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि तेव्हापासून या गावात दर घराआड कुणी ना कुणी ‘प्रेसमध्ये’ आहे. कुठल्या प्रेसमध्ये, असं इथे कुणी विचारत नाही. आणि प्रेसमधला माणूस घरी येऊन प्रेसबद्दल फार बोलतही नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवत आले, त्यामुळे त्या आकड्यापाशी माझी नजर अडते. तो हिरवा रंग घोटून कालवलेल्या रंगाचा नव्हे. त्या शाईत अतिशय सूक्ष्म पापुद्रे असतात आणि प्रत्येक पापुद्रा एकावर एक बसवलेल्या पातळ थरांचा असतो. वरच्या थरावरून परतलेला प्रकाश आणि थर ओलांडून खालून परतलेला प्रकाश पुन्हा एकत्र येतात. ज्या लांबीच्या लहरींची पावलं जुळतात त्यांचा रंग डोळ्यात भरतो, ज्यांची जुळत नाहीत त्या एकमेकींना पुसून टाकतात. नोट कलती केली की त्या दोन वाटांमधला फरक कमी होतो आणि पावलं जुळतात ती जरा आखूड लहरींची. हिरव्यापेक्षा निळ्याच्या लहरी आखूड, म्हणून आकडा निळा होतो. कलती करताना तो तांबड्याकडे कधीच झुकणार नाही. खिशातल्या नोटेत एवढा काटेकोर नियम बसलेला आहे.

हाच नियम प्रेसपासून फार लांब नसलेल्या कॉलेजांच्या अंधाऱ्या खोल्यांत बी.एस्सी.ची मुलं वर्षानुवर्षं मोजत आली आहेत. प्रयोगाचं नाव न्यूटन्स रिंग्ज. ज्यांनी तो केला आहे त्यांना डार्करूमचा वास लगेच आठवेल: जुना काळा पडदा, तापलेली चोक पेटी आणि बंद खोलीतली धूळ. सोडियमचा दिवा लावला की लगेच पिवळा होत नाही. आधी तो गुलाबी-तांबूस जळतो, कारण सुरुवातीला आतला निऑन पेटतो. सोडियमची वाफ व्हायला दहाएक मिनिटं लागतात आणि मग सगळी खोली त्या एकाच पिवळ्या रंगात येते. हाताची कातडी, वहीचं पान, मैत्रिणीची लाल ओढणी, कशालाच स्वतःचा रंग उरत नाही. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचं, पंचेचाळीस अंशांत धरलेल्या काचेवरून प्रकाश खाली सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकात डोळा लावायचा. भिंग आणि काच यांच्यामधली हवेची फट मध्यापासून कडेकडे हळूहळू वाढत जाते, त्यामुळे पिवळ्या आणि काळ्या वर्तुळांची एक रांग दिसते, बाहेर जावं तशी अधिकाधिक दाट होत जाणारी.

मग मोजणं. डावीकडच्या विसाव्या वलयापासून सुरुवात, क्रॉसवायर प्रत्येक काळ्या वलयाला चिकटवायची, व्हर्नियर वाचायचा, लिहायचं. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, चुकून मागे घेतला की आट्यांमधली ढिलाई मापात शिरते आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मध्य ओलांडून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत पोचेस्तोवर मान भरून येते. शेवटी हातात येतो पिवळ्या प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचा आकडा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. मिलिमीटरचेही सुमारे सतराशे भाग करू तेवढी लांबी, आणि ती मोजली शाळकरी भूमितीने आणि पितळी स्क्रूने. ही वलयं रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या पुस्तकात नोंदवली, न्यूटनने ती इतकी बारकाईने मोजली की नाव त्याचं पडलं, आणि तरी १७०४ सालच्या त्याच्या ग्रंथात प्रकाश म्हणजे कणच. लहरी मानल्याशिवाय या वलयांचा उलगडा सरळपणे होत नाही. न्यूटनचं माप मात्र इतकं चोख होतं की पुढे लहरींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या थॉमस यंगला तेच माप वापरता आलं. चोख मापाचं हे मोठेपण मला मुलांना सांगावंसं वाटे आणि मी सांगत असे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक्स्टर्नल हमखास विचारतात, “मधला ठिपका काळा का?” तिथे भिंग काचेला टेकलेलं असतं, फट शून्य. दोन्ही किरणांच्या वाटा सारख्याच, म्हणजे पावलं जुळायला हवीत आणि ठिपका उजळ दिसायला हवा. पण हवेतून येऊन काचेवर आपटून परतणारी लहर परतताना उलटी होते, चढाच्या जागी उतार. एक उलटी, एक सुलटी, दोघी एकमेकींना पुसतात. आणि कधी मध्ये उजळ ठिपका दिसलाच, तर भिंगाखाली धुळीचा कण बसला आहे असं समजावं. भिंग काढावं, मऊ कापडाने पुसावं, परत ठेवावं.

आता मला वाटतं ते सांगते. प्रकाशावर काम करणाऱ्या माणसांच्या आयुष्याकडे आपण शेवटाकडून बघतो: पदक, संस्था, परदेश. ती आयुष्यं खरी घडतात अशा मान भरून आणणाऱ्या मोजमापात, आणि त्यांची सुरुवात होते जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या कॉलेजच्या डार्करूममध्ये. तिथला दिवा बंद पडला तर पुढचं काहीच उजळत नाही.

१९२८ हे साल इथे प्रेसमुळे लक्षात राहतं. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला परिणाम जाहीर केला आणि म्हणून आपण त्या तारखेला विज्ञान दिन करतो, रांगोळ्या काढतो, पोस्टर लावतो. रामन यांची पहिली नोकरी सरकारी हिशेबखात्यातली, हे त्या पोस्टरवर क्वचितच असतं. १९०९ साली ते रंगूनला करन्सी ऑफिसर होते! १९१० साली त्यांची बदली आपल्या नागपूरला झाली आणि पुढच्या वर्षी कलकत्त्याला. दिवसा कचेरी, संध्याकाळी इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत प्रयोग, अशी काही वर्षं त्यांनी काढली. १९१७ साली विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली तेव्हा पगार कमी होता, तरी त्यांनी कचेरी सोडली. आमच्या गावात, जिथे प्रेसमध्ये लागणं म्हणजे घर मार्गी लागणं, तिथे हा निर्णय किती जड असतो ते सांगावं लागत नाही. त्यांच्या हाती लागलेला प्रकाश तरी किती? पदार्थातून विखुरलेल्या साधारण एक कोटी फोटॉनांमागे एखादा रंग बदलून येतो. त्या एकासाठी अंधारात डोळे सरावून घ्यायचे आणि वाट बघायची.

लेझर आलं १९६० च्या मे महिन्यात, थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून काढलेलं. त्यानंतर दोन-चार वर्षांत जगभर जी धांदल उडाली तिच्यात बारामतीत जन्मलेला एक तरुण होता, चंद्रकुमार नारणभाई पटेल. घर गुजराती, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, तिथली पदवी १९५८ची. पुढे स्टॅनफर्ड आणि १९६१ साली बेल लॅब्ज. तिथे त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूतून लेझर काढलं, तो शोधनिबंध १९६४चा. पंचविशीतलं वय. त्यातली युक्ती मला फार आवडते. विजेने नायट्रोजनचा रेणू थरथरवायचा. नायट्रोजन ती ऊर्जा सहजासहजी सोडत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या रेणूची एक पायरी जवळजवळ तेवढ्याच उंचीची असते, त्यामुळे टक्कर झाली की ऊर्जा अलगद तिकडे जाते. ज्या दोन वायूंमध्ये आपण जन्मभर श्वास घेतो आणि सोडतो, त्यांच्यातून धातू कापणारी किरणं निघाली. किरण डोळ्यांना दिसत नाही, त्याची लहर १०.६ मायक्रॉनची, पिवळ्या सोडियमच्या अठरापट लांब.

ही किरणं आज नाशिकभर आहेत. ॲक्रिलिकच्या पाट्या, लाकडी नक्षी, लग्नपत्रिकांवरचे कोरीव गणपती कापून देणाऱ्या दुकानांत लांब काचेची नळी, तिच्याभोवती फिरणारं गार पाणी आणि आत जांभळट उजेड दिसतो. ते पटेलांचं लेझर. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये पत्रा कापायला आता बहुतेक ठिकाणी फायबर लेझर आलं, पण ॲक्रिलिक आणि लाकूड अजून या वायूकडेच जातं. एकदा घराची पाटी करून घ्यायला गेले होते. यंत्र चालवणारा मुलगा बारीक लक्ष देऊन काम करत होता. आरसा पुसताना त्याने कापसाचा बोळा एकदाच, एकाच दिशेने फिरवला. प्रयोगशाळेत आम्ही तेच शिकवतो. त्याला मी बारामतीचं सांगितलं. “आपल्या बारामतीचे?” म्हणत तो थांबला, आणि मग त्याने मला नळीच्या दोन्ही टोकांचे आरसे दाखवले.

परदेशी गेलेल्यांची नावं घेतो तशी इथे राहिलेल्यांचीही घ्यायला हवीत. तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात १९६४ सालीच गॅलियम आर्सेनाइडचं लेझर तयार झालं होतं, जगातल्या पहिल्या अर्धवाहक लेझरनंतर अवघ्या दोन वर्षांत, आणि पुढे त्याच्या किरणांवरून तुर्भे ते कुलाब्याची टाटा इन्स्टिट्यूट असा संदेश पाठवला गेला, सुमारे वीस किलोमीटर हवेतून. १९६७ साली इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनहून पीएच.डी. करून आलेले दिलीप देविदास भवाळकर तिथे लेझरच्या कामाला लागले. आडनाव मराठी, गाव सागर. इंदूरला प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं, आज ज्याला राजा रामण्णा केंद्र म्हणतात, त्याचे ते पहिले संचालक. भिंगं, आरसे, नळ्या, वीजपुरवठे, सगळं देशात करायचं हा त्यांचा हट्ट होता. शस्त्रक्रियेचं कार्बन डायऑक्साइड लेझरही तिथे बनलं. निवृत्तीनंतर त्यांनी लेझर बनवणारी कंपनी काढली. यातलं मला थोर वाटतं ते हे, की दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत तयार यंत्रावर शोध लावण्यापेक्षा यंत्र करायला माणसं तयार करणं त्यांनी पसंत केलं. असल्या कामाला बक्षीस उशिरा मिळतं, किंवा मिळत नाही.

माझी एक विद्यार्थिनी त्याच वाटेने गेली. जेल रोडला घर, वडील प्रेसमध्ये, आई घरी शिवणकाम करणारी. बी.एस्सी. आमच्याकडे, एम.एस्सी. पुण्याला विद्यापीठात, मग नेट, मग इंदूरला पीएच.डी. सुट्टीत आली की भेटायला यायची आणि तिच्या टेबलाबद्दल बोलायची. टेबल म्हणजे पोलादी पाट, आत मधाच्या पोळ्यासारखी पोकळी, पाय हवेवर तरंगणारे, वर भोकांची चौकट आणि त्यात रोवलेले आरसे. लेझरची झळक फेम्टोसेकंदांची. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश जेमतेम तीस मायक्रॉन जातो, केसाची जाडी ओलांडायलाही पुरत नाही. अशा दोन झळका एकाच क्षणी एका जागी आणायच्या. आरशामागे दोन बारीक स्क्रू, एकाने किरण आडवा सरकतो, दुसऱ्याने उभा. पहिल्या आरशाने जवळचं छिद्र साधायचं, दुसऱ्याने लांबचं, तोवर जवळचं सुटतं. पुन्हा पहिला. तिने एकदा सांगितलं, “मॅडम, तंबोरा लावतात ना, तसं होतं. एक तार जुळवावी तर दुसरी उतरते.” रात्री काम चांगलं होतं, कारण लिफ्ट, पंप, गाड्यांची धडधड कमी असते. पहाटे तीनला सिग्नल मिळायचा आणि साडेतीनला वातानुकूलन बंद पडून आरसे अर्ध्या केसाने हलायचे.

घरी मात्र प्रश्न एकच. शेजारच्या काकू विचारायच्या, “अगं, अजून शिकतेच आहेस का?” त्यात वाईट काही नव्हतं. तिच्या वर्गातली मुलं बँकेत लागली, कुणी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह झालं, लग्नं झाली, आणि ही तिशीला टेकली तरी विद्यार्थीच. ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, त्याआधी ३१,००० होती. कधी वेळेवर, कधी रखडत. पीएच.डी.नंतर दोन वर्षं जर्मनीत येनाला, जिथे झाइस आणि आबे यांनी सूक्ष्मदर्शकाचं शास्त्र रचलं. तिथून परत यायचं की नाही हा प्रश्न प्रत्येक वेळी करार संपत आला की नव्याने उभा राहायचा. दोन वर्षांच्या करारांवर आयुष्य बेतताना घर कुठे मांडायचं, आईवडिलांचं आजारपण कुणी बघायचं, हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

ती परतली. कशासाठी, ते तिनेच सांगितलं. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात, आत निर्वात नळ्या, टोकांना आरसे आणि त्यांच्यामध्ये येजा करणारा लेझरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत विरली की अवकाश थरथरतं आणि त्या भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतराने बदलते. ते कळतं दोन किरणांची पावलं जुळण्या-न जुळण्यावरून, म्हणजे आमच्या भिंगाखालच्या वलयांच्याच नियमाने. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. यात पुण्याच्या आयुकाचे संजीव धुरंधर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. गोंगाटात बुडालेली ही गुरुत्वीय लहर गणिताने कशी ओळखायची, यावरचा धुरंधर आणि सत्यप्रकाश यांचा निबंध १९९१चा. लहर प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ला. मधली चोवीस वर्षं ज्या गोष्टीसाठी आपण चाळण्या तयार करतो ती गोष्ट यंत्रात उमटेल की नाही हेच ठाऊक नव्हतं, आणि या काळात ते पीएच.डी.चे विद्यार्थी तयार करत राहिले.

तेव्हा माणसं कुठून येणार, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी पोटतिडकीने विचारते. वेधशाळेला आरसे जुळवणारे हात हवेत, रात्र रात्र बसणारे डोळे हवेत. ते औंढ्यात, सिन्नरमध्ये, मनमाडला, नाशिक रोडला बी.एस्सी. करत असतील. आणि त्यांच्या कॉलेजात काय चाललंय? कायम जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. पीएच.डी., सेट, नेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर नाही. दोन कॉलेजांमध्ये मोटारसायकलवर पळणाऱ्या माणसाने दिवा तापायची दहा मिनिटं कुठून काढायची? मग रीडिंग्ज ‘कुक’ होतात. आधीच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरतात, लहरीची लांबी बरोबर ५८९ येते, आणि मुलाने वलय पाहिलेलंच नसतं. कोविडमध्ये पडद्यावरचे प्रयोग आले ते सोयीचे म्हणून काही ठिकाणी राहूनच गेले. पडद्यावरच्या वलयांच्या मध्ये धूळ बसत नाही. आणि धूळ बसली म्हणजे काय करायचं, हे ज्याला हाताने कळलं नाही त्याला पुढे निर्वात नळीतल्या आरशापाशी कसं उभं करणार?

शिकवणाऱ्याचं काम संशोधनाहून खालचं, हा समज आपल्याकडे मुरलेला आहे. प्रमोशनच्या फॉर्मवर निबंधांचे गुण असतात, नीट करून घेतलेल्या प्रयोगाला गुण नाहीत. २०२३ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल अत्यल्प काळाच्या प्रकाशझळकांसाठी मिळालं. विजेत्यांपैकी ॲन लुइये त्या दिवशी स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात तास घेत होत्या. मधल्या सुट्टीत फोन आला, बातमी कळली, आणि त्या परत वर्गात जाऊन उरलेला तास शिकवून आल्या. समोर बसलेल्या मुलांचा तास अर्धा सोडायचा नाही, एवढं साधं ते होतं. त्यांनी ज्या शोधाची सुरुवात केली तो १९८७चा. फोन आला छत्तीस वर्षांनी.

माझ्या विद्यार्थिनीची मुलाखत कुठे आणि कशी झाली ते इथे सांगत नाही, निकाल अजून यायचा आहे. पण समितीतल्या एका वयस्कर माणसाने तिला, सगळे अवघड प्रश्न झाल्यावर, मधला ठिपका काळा का ते विचारलं म्हणे. तिने उत्तर दिलं आणि मग आपण होऊन उजळ ठिपक्याचंही सांगितलं, धुळीचं. ते म्हणाले, “हे पुस्तकात वाचलंत?” तिने सांगितलं, “नाही सर, नाशिक रोडला डार्करूममध्ये पुसलेलं आहे.”

परवा तिची आई भेटली, दत्त मंदिराच्या चौकात, हातात भाजीची पिशवी. मुलीचं काम काय ते त्यांना आता बऱ्यापैकी समजतं. निदान आरसे अजिबात हलू द्यायचे नसतात, एवढं तरी त्या खात्रीने सांगतात. त्यांना चिंता वेगळीच होती. “मॅडम, औंढ्याला इथून थेट गाडी आहे का हो?” मी म्हटलं, सकाळची तपोवन पकडायची, परभणीला उतरायचं, तिथून एसटी. त्यांनी ते पिशवीतल्या पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं आणि विचारलं, “तपोवनला लेडीज डबा कुठल्या बाजूला असतो?”